उजेडाला कान लावून

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये, नाहीतर सासष्टीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात. काचेच्या जागी शिंपल्यांची तावदानं. लाकडाच्या बारीक चौकटीत चपटे, पातळ शिंपले ओळीनं बसवलेले. काच दुर्मीळ आणि महाग होती तेव्हाची ही सोय. माझ्या आजोळीही ओसरीला अशी एक खिडकी होती. दुपारी त्यातून दुधासारखा मऊ उजेड आत यायचा. वाचायला पुरेसा. पण बाहेर कोण आहे ते मात्र काही केल्या दिसायचं नाही. अंगणातून माणूस गेला तर उजेड किंचित हलायचा, एवढंच. तरी आजीला सगळं कळायचं. पोदेराचा हॉर्न वाजला की तो वळणावर आहे की फाटकापाशी, हे ती चुलीपुढून सांगायची. उजेड आत येतो पण चित्र आणत नाही. आवाज चित्र आणत नाही, पण तो कुठून आला ते सांगतो.

आज या खिडकीची आठवण निघायचं कारण वेगळंच आहे. गेली काही वर्षं मी एका विषयाच्या नादी लागलो आहे. माझ्यासारख्या जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसानं हा विषय का वाचावा, असा प्रश्न घरात अधूनमधून विचारला जातो. विषय असा, की माणसाच्या शरीराच्या आत, कापल्याशिवाय, उजेड आणि आवाज या दोघांना एकत्र कामाला लावून कसं बघायचं. कारण पुढे येईलच. आधी विषय थोडा समजून घेऊ.

लहानपणी दिवे गेले की आपण सगळेच एक खेळ खेळलोय. विजेरी पेटवायची आणि तिच्या काचेवर तळहात दाबून धरायचा. हात आतून लालबुंद होतो. बोटांच्या कडा तर निखाऱ्यासारख्या दिसतात. पण हाडं दिसत नाहीत. उजेड हातातून आरपार येतोय हे डोळ्यांनी दिसतं, मग वाटेतली हाडं का दिसू नयेत? मोठेपणी वाचलं तेव्हा उत्तर सापडलं, आणि ते मला फार आवडलं. शरीराच्या आत अंधार नाही. धुकं आहे.

अंधार आणि धुकं यांत फरक आहे. अंधारात उजेड नसतो. धुक्यात तो भरपूर असतो, पण वाट चुकलेला असतो. दूध पांढरं का दिसतं? त्यातलं पाणी पांढरं नाही, स्निग्धांशही पांढरा नाही. पण स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक थेंब प्रकाशाला थोडा वळवतो. अशी लाखो वळणं झाली की कुठला किरण कुठून निघाला याचा पत्ताच राहत नाही. आपल्या मांसातही तेच. पेशी, त्यांची केंद्रकं, कोलॅजेनचे तंतू, प्रत्येकाचा प्रकाश वळवण्याचा गुण शेजाऱ्याहून जरासा वेगळा. प्रकाशाचा कण साधारण दर ०.१ मिलिमीटरला एकदा धडकतो. धडक तशी हलकी असते, तो बराचसा पुढेच जातो. पण अशा दहाएक धडका झाल्या, म्हणजे मिलिमीटरभर आत गेला, की आपण कुठल्या दिशेनं निघालो होतो हे तो विसरून जातो. लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मांसात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे तो कित्येक सेंटिमीटर आत पोचतो. पण पोचतो तो जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. आहे जिवंत, पण कुठून आला ते सांगता येत नाही.

आवाजाचं तसं नाही. सोनोग्राफीत वापरतात ती श्राव्यातीत ध्वनिलहर, म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणारी, सेकंदाला काही दशलक्ष कंपनं असलेली. मांसात प्रकाश जेवढा विखुरतो त्याच्या शेकडो ते हजार पटींनी ती कमी विखुरते. सरळ जाते, सरळ परत येते. म्हणूनच सोनोग्राफीचं चित्र रेखीव येतं. पण त्या चित्रात रंग नसतो. कुठे घट्ट आहे, कुठे मऊ आहे, कुठे पाणी आहे, एवढंच ती सांगते. तिथलं रक्त ताजं लाल आहे की प्राणवायू संपून काळवंडलेलं, हे तिला कळत नाही. डॉपलर असेल तर रक्त वाहतंय हे कळतं, पण त्याचा रंग नाहीच.

म्हणजे बघा, प्रकाशाला रंग कळतो पण जागा सांगता येत नाही. आवाजाला जागा सांगता येते पण रंग कळत नाही. आंधळ्या-पांगळ्याच्या गोष्टीसारखी यांची जोडी जमवायची, हा या सगळ्या विद्येचा गाभा.

आता कारण सांगतो.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीला छातीत गाठ लागली. तिनं ते पहिल्यांदा माझ्या बायकोला सांगितलं. मला कळलं चार दिवसांनी, तेही 'डॉक्टरांकडे जायला गाडी हवीय' एवढ्या निमित्तानं. आमच्या पिढीतल्या घरांत असंच असतं. ताईनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय, पण शरीराचं असलं काही भावाशी बोलायचं नाही, हा अलिखित नियम. गाडीत ती सबंध वाट हवापाण्याबद्दल बोलत होती.

मॅमोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये होतं की ऊती दाट आहेत. क्ष-किरणांच्या चित्रात दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्या भिंतीवर चुन्याचा ठिपका शोधायचा, तशातली गत. मग सोनोग्राफी. करड्या पडद्यावर एक काळसर लांबट डाग दिसला. त्याची एक कड नीट होती, दुसरी तेवढी नव्हती. चौथी श्रेणी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासायला हवा. बाहेर आल्यावर ताईनं विचारलं, "अरे, चौथी म्हणजे किती?" मी फोनवर शोधून सांगितलं की या श्रेणीत कर्करोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या वरपासून थेट पंचाण्णव टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, आणि तिचे पोटभागही असतात. ताई म्हणाली, "म्हणजे दोन टक्केवाली आणि पंचाण्णव टक्केवाली, दोघी एकाच बाकावर?"

त्या बाकावर ती आठ दिवस बसली. तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या दिवसांत तिनं चतुर्थीची माटोळी सोडून घरातलं सगळं आवरून काढलं. कपाटातल्या साड्या नेसायच्या आणि द्यायच्या अशा वेगळ्या केल्या. कोणाला काय द्यायचं तेही ठरवलं. तोंडानं एक अवाक्षर नाही. रिपोर्ट आला तो साध्या गाठीचा. कर्करोग नव्हता. ताई हसली, साड्या परत कपाटात गेल्या आणि त्या आठवड्याचा विषय आमच्या घरात बंद झाला.

माझ्या डोक्यात मात्र तो बंद झाला नाही. तुकडा काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना जे दिसत होतं त्यावर दुसरा सल्ला देताच आला नसता. पण त्यांना कमी दिसत होतं. त्या करड्या डागात रक्त किती आहे आणि त्या रक्तात प्राणवायू किती आहे, हे दिसलं असतं तर? वाढणारी वाईट गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, वेड्यावाकड्या, घाईघाईनं विणलेल्या. आणि त्या रक्तातला प्राणवायू हावरटासारखा संपवते. साध्या गाठीत सहसा हा प्रकार नसतो. म्हणजे प्रश्न जागेचा आणि रंगाचा, दोन्हींचा एकत्र होता. असं काही बघता येतं का, हे शोधत मी वाचत गेलो.

आता रक्ताच्या रंगाबद्दल. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या सगळ्यांच्या घरात एक चिमटा आला होता, आठवतो? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. दिवसातून दहा वेळा लावून आकडा बघायचो आपण. तो चिमटा हेच करतो. प्राणवायूनं भरलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन यांचे रंग वेगळे. लाल आणि अवरक्त, असे दोन उजेड बोटातून पाठवायचे, कुठला किती शोषला गेला ते मोजायचं आणि हिशोब करायचा. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली ही युक्ती काढली. नाडीच्या ठोक्याबरोबर जो भाग कमीजास्त होतो तोच धमनीतल्या रक्ताचा, बाकीचा सोडून द्यायचा, ही त्यातली खरी गोम. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. सगळं जग त्यांचा चिमटा शोधत औषधांच्या दुकानांपुढे उभं होतं, नेमक्या त्या दिवसांत.

पण ऑक्सिमीटर आकडा देतो, चित्र नाही. नुसत्या उजेडानं छातीतली गाठ बघायचा प्रयत्नही जुना आहे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर यांनी अंधाऱ्या खोलीत स्तनाखाली दिवा धरून सावल्या वाचून पाहिल्या. विजेरीवर तळहात धरण्याचाच हा प्रकार. सावल्या दिसल्या, पण धुक्यातल्या. भरवसा ठेवण्याजोगं काही हाती लागलं नाही.

गंमत म्हणजे या कोड्याचा तोडगा त्याच्या कितीतरी आधी सापडून अडगळीत पडला होता. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, होय, टेलिफोनवालेच, आणि त्यांचे सहकारी चार्ल्स सम्नर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये फोटोफोन नावाचं यंत्र केलं. तारेऐवजी सूर्यप्रकाशाच्या झोतावरून बोलणं पाठवायचं. सुमारे २१३ मीटर अंतरावर ते गेलंही. बेल यांना या शोधाचं एवढं अप्रूप की त्या वर्षी जन्मलेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायचा त्यांचा विचार होता, असं सांगतात. पोरगी वाचली, तिचं नाव मेरियन ठेवलं! तर या खटाटोपात त्यांच्या लक्षात आलं की उन्हाचा झोत भराभर तोडत, म्हणजे चालू-बंद चालू-बंद करत, एखाद्या पातळ चकतीवर पाडला तर ती चकती आवाज करते. उजेड पडला की वस्तू किंचित तापते आणि फुगते, उजेड गेला की निवते आणि आकसते. हे फुगणं-आकसणं म्हणजेच ध्वनी.

आणि त्याच १८८० साली, समुद्रापलीकडे पॅरिसमध्ये, पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. सोनोग्राफीचा जो ठोकळा डॉक्टर आपल्या अंगावर फिरवतात त्याच्या पोटात हाच गुण काम करतो. म्हणजे उजेडानं आवाज निघतो हे आणि तो आवाज टिपणारा कान, दोन्ही एकाच वर्षी जगात आले. पण त्यांची सोयरीक जमायला शंभरावर वर्षं जावी लागली. १८८१ मध्ये उजेडातून निघणाऱ्या या आवाजावर प्रयोग करणाऱ्यांत व्हिल्हेल्म राँटगेन नावाचे एक जर्मन प्राध्यापकही होते. पुढे १८९५ मध्ये त्यांना क्ष-किरण सापडले आणि शरीराच्या आत बघायची वाट जगानं तिकडून धरली.

जुळणी राहिली ती साधनांअभावी. लेसर आला १९६० मध्ये. नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, एवढ्याच वेळेपुरता लखलखणारा लेसर, संवेदनशील ध्वनिग्राहक आणि झपाट्यानं गणित करणारे संगणक, हे सगळं एकत्र आलं तेव्हा १९९० च्या दशकात क्रूगर, ओराएव्स्की, लिहाँग वांग यांच्यासारख्या संशोधकांनी जुनी गोष्ट अडगळीतून काढून झटकली. तिला आता फोटोअकूस्टिक इमेजिंग म्हणतात. मराठीत प्रकाशध्वनी चित्रण म्हणू या.

ते चालतं कसं, हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो. कढईत तेल तापवून मोहरी टाकली आणि वर झाकण ठेवलं, तर आत काय चाललंय ते दिसत नाही. पण तडतड ऐकू येते, आणि कान देऊन ऐकलंत तर कुठल्या बाजूची मोहरी तडतडली तेही कळतं. इथं झाकण म्हणजे आपली त्वचा आणि मांस. तापवणारा म्हणजे लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झोत. तो आत शिरून धुक्यासारखा सगळीकडे पसरतो. पसरू दे! आपल्याला त्याच्या वाटेशी देणंघेणंच नाही. तो जिथे रक्ताला भेटतो तिथे रक्त त्याला शोषून घेतं आणि एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं तापतं. एवढ्याशा तापण्यानं सुमारे ८०० पास्कल दाब तयार होतो. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सव्वाशेव्या हिश्शाच्या आसपास. हाताला जाणवणार नाही, पण ध्वनिग्राहकाला स्वच्छ ऐकू येईल असा. रक्तवाहिनी तडतडते. तो आवाज मांसातून सरळ बाहेर येतो, एका मायक्रोसेकंदात साधारण दीड मिलिमीटर या चालीनं. भोवती मांडलेल्या अनेक ग्राहकांपैकी कोणाला आधी ऐकू आला, कोणाला नंतर, यावरून संगणक त्याची जागा काढतो. मोहरीचे हजारो दाणे एकदम तडतडले तरी प्रत्येकाचा पत्ता मिळतो. आणि लेसरचा रंग बदलून पुन्हा ऐकलं की कुठलं रक्त ताजं आणि कुठलं शिळं, तेही कळतं. ऑक्सिमीटरचाच हिशोब, पण जागेसकट. त्यात क्ष-किरण नाहीत, आणि झोताची ताकद त्वचेसाठी ठरलेल्या सुरक्षित मर्यादेच्या आत ठेवतात.

२००३ साली वांग यांच्या गटानं उंदराची कवटी न उघडता त्याच्या मेंदूचं असं चित्र काढलं. एका बाजूच्या मिशांना स्पर्श केला की मेंदूच्या ठराविक भागात रक्त वाढतं, ते त्या चित्रात दिसलं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत त्यांच्या गटानं संपूर्ण स्तनाचं चित्र सुमारे १५ सेकंदांत काढून दाखवलं, एक श्वास रोखून धरायच्या अवधीत. ४ सेंटिमीटर खोलीपर्यंत, पाव मिलिमीटरची रेघ ओळखू येईल इतकं बारीक, आणि स्तन फळीत दाबून धरायची गरज नाही. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सेनो मेडिकल या कंपनीच्या इमॅजिओ यंत्राला मान्यता दिली. सोनोग्राफीच्या ठोकळ्यातूनच लेसरचे दोन रंग सोडायचे, ७५७ आणि १०६४ नॅनोमीटरचे, आणि करड्या चित्रावर रक्ताचा रंग चढवायचा. कशासाठी? तर सोनोग्राफीत दिसलेली संशयाची गाठ साधी की वाईट, हे ठरवायला डॉक्टरांना आणखी एक आधार मिळावा म्हणून. म्हणजे नेमकं ताईच्या बाकावर बसलेल्या बायकांसाठी. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ तसाच बसून होतो.

या विद्येला एक धाकटी बहीणही आहे, आणि तिचं माहेर आपल्याकडचं आहे. पहिलीत उजेड ढकलतो आणि आवाज बाहेर येतो. दुसरीत आवाज आत पाठवतात आणि उजेडाला त्याची खूण लावून घेतात. ध्वनिलहर द्रवातून जाताना दाट-विरळ असे थर करत जाते. त्यावर प्रकाश पडला की ते थर जाळीसारखं काम करतात आणि प्रकाश वाटला जातो. १९३२ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये हे डोळ्यांनी पाहिलं गेलं. पण एकाच्या जागी प्रकाशाच्या इतक्या रेषा का दिसतात, याचा उलगडा होत नव्हता. तो केला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी, १९३५-३६ मध्ये लिहिलेल्या निबंधांच्या मालिकेत. प्रकाशाची कंपनसंख्या ध्वनीच्या कंपनसंख्येइतकी, दुप्पट, तिप्पट अशी सरकते, हेही त्यातून निघालं. रामन म्हटलं की आपल्याला १९२८ चा प्रकाश आठवतो. पण हा माणूस मुळात आवाजाचाही वेडा. तबला आणि मृदंग इतर चर्मवाद्यांसारखे नुसते धाडधाड न वाजता सुरात का वाजतात, पुडीवरच्या शाईची त्यात काय करामत, यावर त्यांनी १९२० मध्येच लिहिलं होतं. घुमटाच्या आरतीत वाढलेल्या आम्हा गोंयकारांना हे रामन अधिक जवळचे वाटतात.

तर या धाकट्या बहिणीची युक्ती अशी. शिगम्याच्या गर्दीत हजारो माणसं कुठूनही कुठेही जातायत. त्यांतली नेमक्या देवळापुढच्या चौकातून कोण आली, हे कसं ओळखणार? चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर गुलाल टाकायचा! मग गावच्या कुठल्याही टोकाला गुलाल लागलेला माणूस भेटला की तो त्या चौकातून आला हे नक्की. शरीरात ध्वनिलहर एका बिंदूवर एकवटतात. तिथून जाणाऱ्या प्रकाशाची कंपनसंख्या किंचित सरकते. किंचित म्हणजे किती, तर सुमारे दहा कोटींत एक भाग. एवढीशी खूण, पण ओळखता येते. २०११ मध्ये वांग यांच्या गटानं त्यापुढची पायरी गाठली. गुलाल लागलेला प्रकाश तेवढा वेगळा काढायचा आणि एका खास आरशावरून आल्या पावली परत पाठवायचा. धुक्यातली प्रत्येक धडक उलट क्रमानं घेत तो पुन्हा त्या चौकातच एकत्र जमतो. म्हणजे धुक्याच्या आत, हव्या त्या ठिकाणी, उजेडाचा ठिपका पाडता येतो. पुढच्याच वर्षी चँगह्वे यांग यांच्या गटानं हेच संगणकीय आरसा वापरून केलं.

अडचण एकच. प्रकाश परत जाईपर्यंत वाट बदलता कामा नये. जिवंत शरीरात रक्त वाहतं, ऊती हलतात, आणि काही मिलिसेकंदांत किंवा त्याहूनही आधी वाट बदलून जाते. निर्जीव जेलीत छान जमतं, जिवंत माणसात पळापळ होते. आत बघायला आडवं येतं ते जिवंतपणच, याची मला मोठी मौज वाटते. त्यामुळे धाकटी अजून प्रयोगशाळेतच रमली आहे. थोरली मात्र दवाखान्याच्या उंबऱ्यावर आली आहे.

आता मला खरं म्हणायचंय ते. हे यंत्र आपल्या दारी येईल तेव्हा ते आपल्याला नीट बघेल का? प्रकाश पहिल्यांदा भेटतो तो त्वचेला, आणि त्वचेत मेलॅनिन असतं. गडद त्वचा उजेडाचा मोठा वाटा दारातच घेते. मग दोन गोष्टी होतात. आत पोचणारा उजेड कमी पडतो, आणि त्वचाच एवढ्या मोठ्यानं तडतडते की आतली मोहरी ऐकू येणं अवघड होतं. हे नुसतं भय नाही. ऑक्सिमीटरचा दाखला ताजा आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की चिमटा ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याइतका कमी होता, असं गोऱ्या रुग्णांच्या मोजण्यांत ३.६ टक्के वेळा आढळलं आणि काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के वेळा. तिप्पट. उपकरण वापरात येऊन कितीतरी दशकं झाली होती आणि लाखो बोटांना ते लागलं होतं.

यावर इलाज आहेत. लांब लहरींचा प्रकाश वापरला तर मेलॅनिन त्याला कमी अडवतं, आणि त्वचेचा गोंगाट गणितानं वेगळा काढायचे प्रयत्न चालू आहेत. पण गणित पक्कं व्हायला मोजमापं लागतात, आणि ती आमच्या रंगाच्या बायकांवर, त्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीनं घ्यावी लागतील. शेतात राबणारी पेडण्याची बाई, उन्हात मासळी विकणारी बेतूलची बाई, यांच्या त्वचेचा हिशोब त्या यंत्रात घातला गेला पाहिजे. परदेशातून खोका मागवला, फीत कापली, असं करून भागणार नाही. रामन यांच्या देशात हे काम करणारी माणसं नसतील असं मला वाटत नाही.

शिवाय आत बघण्याची कुठलीच विद्या भोळी नसते, हे आपल्या देशाइतकं कोणाला ठाऊक आहे? प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग तपासलं जात नाही अशी पाटी असते. १९९४ चा कायदा करावा लागला म्हणून ती पाटी आहे. पोटातल्या बाळाची काळजी घ्यायला आलेलं यंत्र आपण मुली मारायला वापरलं. नव्या यंत्राच्या पोटातही सोनोग्राफी आहेच. तेव्हा यंत्राबरोबर शहाणपणही आणावं लागेल, आणि ते कुठली कंपनी विकत नाही.

मी हे सगळं ताईला एकदा मोहरीच्या भाषेत समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या यंत्रात सुई टोचत नाहीत?" मी म्हटलं, "काही जणींची सुई वाचेल. सगळ्यांची नाही. संशय राहिला तर तुकडा काढावाच लागतो." ती म्हणाली, "सुईचं काय एवढं. ते आठ दिवस वाचले तरी पुरे." मी बारीकसारीक किती वाचलं होतं, पण मोजायचं काय हे तिनं एका वाक्यात सांगितलं. मिलिमीटर, नॅनोसेकंद, पास्कल हे सगळं ठीक. पण बाईच्या आठ रात्री हेही एक माप आहे, आणि ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

तिच्यात एक बदल मात्र झाला. आता ती हे बोलते. शेजारणींशी, भाचीसुनांशी, देवळातल्या भजनी मंडळातल्या बायकांशी. चार दिवस लपवून ठेवू नका म्हणते. चार महिने लपवणाऱ्याही तिला भेटल्या आहेत. उजेड विखुरणारं धुकं मांसात असतं, त्यावर शास्त्रज्ञ काम करतायत. लाजेचं आणि भीतीचं धुकं घराघरांत असतं, त्यावर ताईसारख्या बायकांनाच काम करावं लागतं, आणि आम्हा भावांनीही गाडी काढण्यापलीकडे थोडं काही करायला हवं.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर आहे ती मॅमोग्राफी, आहे ती सोनोग्राफी, आणि गरज पडली तर आहे ती सुई, यांच्यावरच आपली भिस्त आहे आणि ती साधनं काही कमी नाहीत. हाताला गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. घरातल्या कोणाला लागली असं कळलं तर हवापाण्याच्या गप्पा न मारता सोबत जा. आणि रिपोर्टची वाट बघायची असेल तर ती एकटीला बघू देऊ नका.